भीती ओसरते, हिशेब उरतो : दहशतवाद आणि विमानप्रवासाची मागणी

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला मागणीचा सिद्धांत शिकवला जातो. वस्तूची किंमत, ग्राहकाचे उत्पन्न, पर्यायी वस्तूंच्या किमती आणि ग्राहकाची आवडनिवड यांनुसार मागणी कमी-जास्त होते, असे तो सांगतो. या यादीत 'भीती' हा शब्द सहसा नसतो. तथापि बाजारात बसणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे की एका वाईट बातमीने भाव न बदलताही दुकानातील वर्दळ अर्ध्यावर येते. शहरात दंगलीची अफवा पसरली की कापडाचा दर तोच राहतो, पण गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही.

भीतीने मागणी किती घटते, किती दिवस घटलेली राहते आणि भीती ओसरल्यावर काय मागे उरते, याचा अभ्यास करण्यास विमानवाहतुकीइतका उत्तम व्यवसाय दुसरा नाही. या व्यवसायात प्रत्येक प्रवाशाची नोंद असते, प्रत्येक आसनाचा हिशेब असतो आणि गेल्या काही दशकांत दहशतवाद्यांनी याच व्यवसायाला वारंवार लक्ष्य केले आहे. त्यांपैकी सर्वांत मोठा आघात ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झाला. त्या दिवसाच्या राजकीय व लष्करी परिणामांवर पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या व्यापारी परिणामांकडे मात्र पुरेशा बारकाईने पाहिले जात नाही. व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

रिकामे आकाश

त्या मंगळवारी सकाळी चार प्रवासी विमानांचे अपहरण झाले. दोन विमाने न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांवर आणि एक वॉशिंग्टनजवळील पेंटॅगॉनवर आदळवण्यात आले. चौथे पेनसिल्व्हानिया राज्यातील शेतात कोसळले. २,९७७ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. पावणेदहाच्या सुमारास अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने आकाशात असलेल्या सर्व नागरी विमानांना जवळच्या विमानतळावर उतरण्याचा आदेश दिला. त्या वेळी सुमारे साडेचार हजार विमाने हवेत होती. अटलांटिक महासागर ओलांडून येणारी दोनशेहून अधिक विमाने कॅनडाकडे वळवण्यात आली. गँडर या न्यूफाउंडलंडमधील लहानशा गावी ३८ मोठी विमाने उतरली आणि हजारो पाहुणे तेथील शाळांत, सभागृहांत व घरांत अनेक दिवस राहिले.

१३ सप्टेंबरपासून विमाने हळूहळू पुन्हा उडू लागली. राजधानी वॉशिंग्टनमधील रेगन विमानतळ मात्र ४ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. न्यूयॉर्कचा शेअर बाजार १७ सप्टेंबरला उघडला, तेव्हा अमेरिकन व युनायटेड या दोन मोठ्या विमान कंपन्यांच्या शेअरचे भाव एका दिवसात सुमारे ४० टक्क्यांनी कोसळले. या दोन्ही कंपन्यांनी प्रत्येकी सुमारे २० हजार कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. कॉन्टिनेंटल कंपनीने १२ हजारांची केली. हल्ल्याला दोन आठवडे होण्यापूर्वीच हजारो कुटुंबांतील मिळवत्या माणसाच्या हाती कामावरून कमी केल्याचे पत्र पडण्याची वेळ आली होती. त्यांचा त्या घटनेशी काहीही संबंध नव्हता.

हा आघात इतका झटपट का बसला, हे समजण्यासाठी या व्यवसायाचे गणित लक्षात घ्यावे लागते.

उद्या न विकला जाणारा माल

किराणा दुकानदाराचा माल आज खपला नाही तर उद्या खपतो. कापड व्यापाऱ्याचा या हंगामात राहिला तर पुढील हंगामात सवलतीने निघतो. भाजीवाल्याला तेवढा अवधी नसतो, तरी संध्याकाळी भाव उतरवून तो टोपली रिकामी करतो. विमान कंपनीचा माल म्हणजे आसन. विमानाचे दार बंद झाले की त्या फेरीतील रिकामे आसन पुन्हा कधीही विकता येत नाही. त्याची किंमत त्या क्षणी शून्य होते.

दुसरीकडे खर्च मात्र थांबत नाही. विमानाचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता, वैमानिकांचे वेतन, देखभाल, विमानतळावरील जागा, विमा यांपैकी बहुतेक खर्च स्थिर असतात. विमानात दीडशे प्रवासी असोत वा पन्नास, इंधनाचा खर्चही त्या प्रमाणात घटत नाही. एस.टी. महामंडळ ज्याला भारमान म्हणते, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी किती आसने भरली याचे प्रमाण, त्यावर या कंपन्यांचे जगणे अवलंबून असते. भारमान काही टक्क्यांनी घसरले की नफ्याचा तोटा होतो. अशा व्यवसायात मागणी एका रात्रीत तिसऱ्या हिश्शाने आटली तर काय होईल, याची कल्पना कोणत्याही व्यापाऱ्याला करता येईल.

मागणी तितकीच आटली होती. हारुमी इटो आणि डॅरिन ली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील देशांतर्गत विमानप्रवासाच्या आकड्यांचा अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी एक महत्त्वाची काळजी घेतली होती. अमेरिकेत मार्च २००१ पासूनच मंदी सुरू झाली होती आणि कंपन्यांनी अधिकाऱ्यांचे प्रवास कमी करण्यास प्रारंभ केला होता. त्यामुळे घटलेल्या प्रत्येक प्रवाशाचे खापर दहशतवादावर फोडणे चुकीचे ठरले असते. मंदी, हंगाम आणि इतर कारणांचा प्रभाव वेगळा काढल्यावर त्यांना दोन निरनिराळे परिणाम दिसले. पहिला तात्कालिक होता. हल्ल्यानंतर लगेचच मागणी ३० टक्क्यांहून अधिक घटली व नंतर ती सावरत गेली. दुसरा मात्र चिवट होता. सुमारे ७.४ टक्के मागणी दोन वर्षे उलटल्यावरही, म्हणजे २००३ च्या नोव्हेंबरपर्यंत, परतली नव्हती.

प्रवाशांची एकूण संख्याही हेच सांगते. अमेरिकी विमान कंपन्यांनी २००० साली सुमारे ६६ कोटी प्रवासी वाहिले. २००२ मध्ये ही संख्या सुमारे ६१ कोटींवर आली. २००४ मध्ये ती ७० कोटींच्या आसपास पोहोचली. वरवर पाहता तीन वर्षांत सारे पूर्ववत झाले. परंतु प्रवासी परतावेत म्हणून कंपन्यांना भाडे उतरवावे लागले होते. ज्या दराने पूर्वी माल खपत होता त्या दराने तो आता खपत नव्हता. गल्ल्यातील गर्दी आणि गल्ल्यातील रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

भीतीच्या जागी रांग आली

भीती ओसरल्यावरही उरलेली ही ७ टक्क्यांची तूट कोठून आली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग विमानतळावरील रांगेत सापडतो.

हल्ल्यापूर्वी अमेरिकेत देशांतर्गत प्रवास करणारा माणूस विमान सुटण्यापूर्वी अर्धा तास विमानतळावर पोहोचला तरी चालत असे. नातेवाईक थेट विमानाच्या दारापर्यंत निरोप द्यायला जात. नोव्हेंबर २००१ मध्ये कायदा होऊन वाहतूक सुरक्षेसाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा निर्माण झाली. प्रत्येक प्रवाशावर सुरक्षा शुल्क बसले. २००२ च्या अखेरपर्यंत विमानात ठेवल्या जाणाऱ्या प्रत्येक सामानाची स्फोटकांसाठी तपासणी करणे बंधनकारक झाले. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात दडवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला, तेव्हापासून बूट काढण्याची प्रथा आली. ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, आणि हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेण्यास बंदी झाली.

कॉर्नेल विद्यापीठातील गॅरिक ब्लेलॉक, वृंदा कडियाली आणि डॅनियल सायमन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या तपासणीचाच परिणाम वेगळा मोजला. सामानाच्या सक्तीच्या तपासणीमुळे प्रवाशांची संख्या सुमारे ६ टक्क्यांनी घटली, आणि सर्वाधिक वर्दळीच्या ५० विमानतळांवरून सुटणाऱ्या विमानांत ती ९ टक्क्यांनी घटली, असा त्यांचा अंदाज होता. तपासणी अनावश्यक होती असा याचा अर्थ नाही. तिची किंमत होती आणि ती प्रवाशाच्या वेळेच्या रूपाने वसूल झाली, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ही किंमत सर्वांना सारखी पडली नाही. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या माणसापुढे विमानाला पर्याय नव्हता. सहा तासांच्या प्रवासात आणखी दीड तास गेला तरी तो जाणारच होता. पण दोन-तीनशे किलोमीटरच्या अंतरासाठी हिशेब उलटला. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर मुंबई-अहमदाबाद हे विमानाने सव्वा तासाचे अंतर आहे. घरापासून विमानतळ, तेथील दोन तास, सामानाची प्रतीक्षा आणि पुन्हा शहरात येणे हे सारे धरले तर रेल्वेचे साडेपाच-सहा तास फार वाटत नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत, जवळच्या अंतराच्या मागणीची लवचिकता अधिक असते, कारण पर्याय हाताशी असतो. अमेरिकेत कमी अंतराच्या विमानमार्गांना सर्वाधिक फटका बसला, त्यामागे हेच कारण होते. तेथे हा पर्याय बहुतांशी स्वतःची मोटार हाच होता.

भारतीय प्रवाशालाही सुरक्षेच्या या किमतीची ओळख आहे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्याचा निर्णय झाला आणि ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरपासून त्याची सुरुवात झाली. हातातील पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर शिक्का मारून घेण्याची धावपळ अनेकांना आठवत असेल. मुंबई, दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर २०१७ मध्ये हा शिक्का बंद झाला. एकदा आलेला नियम जायला किती वर्षे लागतात, हे या साध्या शिक्क्यावरून समजते.

रस्त्यावरचे न मोजलेले बळी

विमान सोडून मोटारीने जाणाऱ्यांच्या या निर्णयाची आणखी एक बाजू आहे, आणि ती सर्वांत गंभीर आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी हल्ल्यानंतरच्या काळातील अमेरिकेच्या रस्ते अपघातांचे आकडे तपासले. हल्ल्यानंतरच्या महिन्यांत महामार्गांवरील वाहतूक नेहमीपेक्षा वाढली होती, विशेषतः लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर. त्यासोबत प्राणघातक अपघातही वाढले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार, हल्ल्यानंतरच्या बारा महिन्यांत सुमारे १,५०० माणसे केवळ विमानाऐवजी रस्त्याने गेल्यामुळे प्राणांस मुकली. अपहृत चार विमानांतील बळींच्या सुमारे सहा पट ही संख्या होते.

या माणसांची नावे कोणत्याही स्मारकावर कोरलेली नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांनाही बहुधा हे कधी कळले नाही की आपला माणूस त्या हल्ल्याचाच एक बळी होता. तो सुरक्षित राहावा म्हणून घरच्यांनीच त्याला विमानाने जाऊ नको असे सांगितले असण्याचीही शक्यता आहे. गिगेरेन्झर यांच्या मते, एकाच वेळी पुष्कळ माणसे मरतात अशा संकटाचे भय मनाला विशेष ग्रासते. तितकीच किंवा अधिक माणसे थोडीथोडी करून, निरनिराळ्या ठिकाणी मरत असतील तर मन त्याची दखल घेत नाही. दूरदर्शनच्या पडद्यावर मनोरे कोसळताना साऱ्या जगाने पाहिले. महामार्गावरील अपघात मात्र स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपला.

घरातील वडीलधाऱ्यांवर जेव्हा 'जावे की न जावे, आणि कसे जावे' हे ठरवण्याची वेळ येते, तेव्हा हा आकडा डोळ्यांपुढे असावा. धोका टाळला असे वाटत असताना कित्येकदा माणूस मोठा धोका पत्करत असतो. रात्रभर मोटार चालवून पहाटे परगावी पोहोचण्याची सवय ज्या व्यापारी घरांत आहे, त्यांनी तर याचा अधिकच विचार करावा.

कोण टिकले, कोण बुडाले

एकाच वादळात काही झाडे उन्मळतात आणि काही उभी राहतात. विमान कंपन्यांच्या बाबतीत हा फरक त्यांच्या ताळेबंदात आधीच लिहिलेला होता.

स्वित्झर्लंडची स्विसएअर ही एके काळी तिच्या आर्थिक भक्कमपणासाठी प्रसिद्ध होती. परंतु १९९० च्या दशकात तिने अनेक देशांतील तोट्यात चालणाऱ्या विमान कंपन्यांत भागभांडवल घेण्याचा सपाटा लावला आणि कर्जाचा डोंगर उभा केला. हल्ल्यानंतर तीन आठवड्यांतच, २ ऑक्टोबर २००१ रोजी, इंधनासाठीही रोकड न उरल्याने तिची विमाने जमिनीवर थांबली. हजारो प्रवासी ठिकठिकाणी अडकले. बेल्जियमच्या सबेना कंपनीत स्विसएअरचा ४९.५ टक्के वाटा होता. १९२३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी ७ नोव्हेंबर २००१ रोजी दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेत यू.एस. एअरवेजने ऑगस्ट २००२ मध्ये आणि युनायटेडने डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले. डेल्टा व नॉर्थवेस्ट या कंपन्यांनी सप्टेंबर २००५ मध्ये एकाच दिवशी तोच मार्ग धरला. सरकारने हल्ल्यानंतर अकरा दिवसांतच कायदा करून ५ अब्ज डॉलरची रोख भरपाई आणि १० अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जहमीची तरतूद केली होती. तरीही हे घडले.

याच काळात साऊथवेस्ट ही टेक्सासमधील कंपनी वेगळ्या वाटेने गेली. तिने एकाही कर्मचाऱ्याला कमी केले नाही आणि फेऱ्याही कापल्या नाहीत. २००१ साली तिला ५१.१ कोटी डॉलरचा नफा झाला. त्यात सरकारी भरपाईचा भाग होता, पण तीच भरपाई मिळूनही इतर मोठ्या कंपन्या तोट्यात गेल्या होत्या. साऊथवेस्टचे रहस्य गूढ नव्हते. तिच्यावर तुलनेने कर्ज कमी होते, हाताशी रोकड होती, बहुतेक विमाने तिच्या स्वतःच्या मालकीची होती आणि सारा ताफा एकाच बनावटीचा असल्याने देखभालीचा खर्च मर्यादित होता. बँकेने मंजूर केलेली पण तोवर न वापरलेली कर्जमर्यादाही तिने हल्ल्यानंतर लगेच उचलली. पाऊस सुरू झाल्यावर छत्री मिळणे कठीण असते. तिने ती आधीच घेऊन ठेवली होती.

वास्तविक ज्या कंपन्या बुडाल्या त्यांची दुखणी जुनी होती. दहशतवादाने त्यांना आजारी पाडले नाही. आजार लपवण्यासाठी जो रोजचा गल्ला उपयोगी पडत होता, तो त्याने काही आठवडे थांबवला. चालू देणी चालू विक्रीतूनच भागवणाऱ्या प्रत्येक व्यवसायाची हीच स्थिती असते. विक्री थांबेपर्यंत त्याची दुर्बलता कोणाच्या लक्षात येत नाही.

ग्राहक कोठे जातो

घटलेली मागणी नेहमी नाहीशी होते असे नाही. अनेकदा ती दुसऱ्या दारी जाते. ब्रुसेल्स आणि शर्म अल-शेख या दोन ठिकाणांचे अनुभव एकमेकांशेजारी ठेवले की हे स्पष्ट होते.

२२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या झाव्हेन्टेम विमानतळाच्या प्रस्थान कक्षात आणि शहरातील भुयारी रेल्वेत स्फोट झाले. ३२ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. अँटवर्पमधील हिऱ्यांच्या व्यापारात असलेल्या पालनपुरी जैन कुटुंबांना हा विमानतळ घरच्या अंगणासारखा परिचित आहे. ३ एप्रिल रोजी तो मोजक्या विमानांसाठी पुन्हा उघडला. २०१५ मध्ये तेथून सुमारे २.३४ कोटी प्रवाशांनी ये-जा केली होती. २०१६ मध्ये ही संख्या सुमारे २.१८ कोटी झाली आणि २०१७ मध्ये सुमारे २.४८ कोटींवर गेली. म्हणजे वर्षभरात तूट भरून निघाली. याचे कारण असे की ब्रुसेल्सला जाणारा माणूस बहुधा कामासाठी जातो. युरोपीय संघाची कार्यालये तेथे आहेत, अँटवर्पची हिरेबाजारपेठ जवळ आहे. काम तेथे असेपर्यंत माणूस तेथेच जाणार.

इजिप्तची गोष्ट वेगळी ठरली. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी शर्म अल-शेख या समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटनस्थळाहून निघालेले रशियन विमान सिनाईच्या वाळवंटात कोसळले व सर्व २२४ जण मरण पावले. विमानात बॉम्ब होता असे रशियाने जाहीर केले. रशियाने इजिप्तला जाणारी आणि ब्रिटनने शर्म अल-शेखला जाणारी विमाने बंद केली. ब्रिटनने हे निर्बंध २०१९ मध्ये उठवले. रशियातून कैरोची विमाने २०१८ मध्ये सुरू झाली, परंतु किनाऱ्यावरील पर्यटनस्थळांना थेट विमाने २०२१ पर्यंत मिळाली नाहीत. इजिप्तमध्ये २०१० साली सुमारे १.४७ कोटी पर्यटक आले होते. राजकीय अस्थिरतेमुळे ही संख्या आधीच घटत होती. २०१६ मध्ये ती ५४ लाखांच्या आसपास आली. ऊन आणि समुद्र शोधणाऱ्या पर्यटकाला स्पेन, ग्रीस असे पर्याय होते. ज्या मालाला पर्याय सहज मिळतो, त्याचा ग्राहक एकदा गेला की लवकर परतत नाही. शिवाय येथे भीतीपेक्षा सरकारी बंदीचा काळ अधिक लांबला.

भारतातही एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर हेच चित्र दिसले. २२ एप्रिलला २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. दुसऱ्याच दिवशी श्रीनगरहून बाहेर पडण्यासाठी इतकी झुंबड उडाली की दिल्ली व मुंबईसाठी जादा विमाने सोडावी लागली आणि भाडेवाढ करू नये असे सरकारला कंपन्यांना बजावावे लागले. जाणाऱ्या विमानांची आरक्षणे मात्र धडाधड रद्द होत होती. पुढे मे महिन्यात उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले. काश्मीरमधील टॅक्सीचालक, शिकारेवाले आणि शालींचे व्यापारी यांचा ऐन हंगाम त्यात गेला. पर्यटक हिमाचल किंवा केरळला जाऊ शकत होता. शिकारा मात्र दल सरोवरातच राहणार होता.

मुंबई आणि विम्याचा हप्ता

२००१ च्या घटनेचा एक धागा थेट मुंबईपर्यंत आणि महाराष्ट्रातील प्रत्येक दुकान-गोदामापर्यंत येतो. तो विम्याचा आहे.

हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी विमान विमाकर्त्यांनी जगभरच्या विमान कंपन्यांना सात दिवसांची सूचना दिली की युद्ध व दहशतवादामुळे तिऱ्हाइतांच्या होणाऱ्या नुकसानीसाठी ५ कोटी डॉलरच्या वर संरक्षण मिळणार नाही. विम्याविना विमान उडवता येत नाही. त्यामुळे अनेक देशांच्या सरकारांना स्वतः हमी द्यावी लागली. नंतर संरक्षण मिळू लागले, पण वाढीव हप्त्याने. हा हप्ता शेवटी तिकिटाच्या किमतीतच जातो.

भारतात त्यापूर्वी दहशतवादाने झालेल्या नुकसानीचे संरक्षण आगीच्या विम्यासोबत मिळत असे. जागतिक पुनर्विमा कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर भारतीय विमा कंपन्यांपुढे पेच पडला. एप्रिल २००२ मध्ये त्यांनी एकत्र येऊन दहशतवाद जोखमीसाठी सामायिक निधी उभारला. त्याचे व्यवस्थापन मुंबईतील जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनकडे देण्यात आले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसे मारली गेली, ताज व ओबेरॉय या हॉटेलांचे अपरिमित नुकसान झाले. त्या वेळी या निधीतूनच दावे भागवले गेले. ताजचा मनोरा आणि ट्रायडेंट हे एका महिन्याच्या आत, २१ डिसेंबर २००८ रोजी, पाहुण्यांसाठी उघडले. ताजची जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी पूर्ववत सुरू झाली. भारतात येणाऱ्या विदेशी पर्यटकांची संख्या २००८ मधील ५२.८ लाखांवरून २००९ मध्ये ५१.७ लाखांवर आली आणि २०१० मध्ये ५७.८ लाख झाली. त्या वर्षी जगभर मंदीही होती. त्यामुळे ही छोटी घट सर्वस्वी हल्ल्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

विम्याची ही व्यवस्था व्यापारी कुटुंबांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. कॅश क्रेडिटसाठी बँकेकडे तारण ठेवलेल्या मालाचा विमा बँक उतरवून घेते, आणि बहुतेक व्यापारी तेवढ्यावर निश्चिंत राहतात. पॉलिसीत दहशतवादाच्या जोखमीचे संरक्षण समाविष्ट आहे की त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत आहे, हे कागद उघडून वाचले पाहिजे. माल जळाला तर भरपाई मिळते. पण परिसर पोलिसांनी बंद केल्यामुळे दुकान पंधरा दिवस उघडता आले नाही, तर सर्वसाधारण आगीच्या विम्यातून बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळत नाही. परदेश प्रवासाच्या विम्यातही दहशतवादाबाबतची कलमे कंपनीगणिक निराळी असतात. तिकीट काढताना एका खुणेने घेतलेला विमा कशासाठी आहे, हे ठाऊक असणारे प्रवासी थोडेच असतात.

या साऱ्या अनुभवांतून काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. हल्ल्यानंतरची पहिली घट फार मोठी असते व ती काही महिन्यांत बरीचशी भरून निघते. म्हणून त्या दिवसांत घाईने दुकान विकणे, भागीदारी मोडणे किंवा शेअर फुंकून टाकणे हे निर्णय सहसा महाग पडतात. जी घट उरते ती वेळ, शुल्क, हप्ता आणि सरकारी बंदी यांची असते. ज्या व्यवसायाला जवळचा पर्याय आहे त्याला ती अधिक भोवते. मागणी परत येईपर्यंतचे तीन-चार महिने पगार, भाडे आणि व्याज भागवता येईल एवढी रोकड किंवा न वापरलेली कर्जमर्यादा बाजूला असणे, हा यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे. चांगल्या दिवसांत ही रक्कम आळशीपणे पडून आहे असे वाटते, तिच्यावर व्याजही फारसे मिळत नाही. २००१ च्या सप्टेंबरात साऊथवेस्टच्या एकाही कर्मचाऱ्याला घरी बसावे लागले नाही, ते अशाच पडून राहिलेल्या रकमेमुळे.